उसनवारीची वही

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. गोदावरीला पूर आला होता आणि नाशकात जो तो एकच विचारत होता, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? त्या रविवारी आम्ही नवरा-बायको एका दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो, आणि नर्सच्या हातातल्या मीटरवर आकडाच येत नव्हता. दोन इंग्रजी अक्षरं आली. मी वाचलं, 'हाय'. मला वाटलं, मशीन सुरू होताना नमस्कार करत असेल. तिने दुसरी पट्टी लावली. पुन्हा 'हाय'. मग तिने डॉक्टरांना ज्या आवाजात हाक मारली, त्यावरून कळलं की हा नमस्कार नव्हे. ते मीटर ६०० पर्यंतच मोजायचं. साखर त्याच्या वर गेली की आकडा सांगायचं सोडून द्यायचं.

लेक तेव्हा सात वर्षांची. महिनाभर घटाघटा पाणी पीत होती, रात्री चार-चारदा उठत होती. अंथरूण ओलं करायची सवय कधीच सुटलेली, ती परत आली. आम्ही म्हटलं, पावसाळा आहे. वजन उतरलं तर म्हटलं, उंची वाढतेय. उलट्या सुरू झाल्यावर जवळच्या डॉक्टरांकडून पोटाचं औषध आणलं. शेवटी ती खोल खोल श्वास घ्यायला लागली, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला, तेव्हा रिक्षात घातली. किटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं) हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तीन दिवस आयसीयू.

टाईप वन डायबेटीस. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग इन्सुलिन बाहेरून द्यायचं, रोज, जन्मभर. यात गोड खाण्याचा दोष नाही आणि आईबापांचाही नाही, हे डॉक्टरांनी मला चार वेळा तरी सांगितलं असेल. पटलं ते पाचव्यांदा, आणि तेही डॉक्टरांनी सांगून नव्हे. तोवर भेटायला आलेल्या मावश्या-आत्यांनी 'चॉकलेटं फार द्यायचात तुम्ही' असं म्हणून हिला दोनदा रडवून झालं होतं.

पाचव्यांदा सांगणारी बाई शेजारच्या वॉर्डात आपल्या मुलाला दाखवायला आली होती. ओझरची. मुलगा अकरा वर्षांचा, तिसऱ्या वर्षापासून टाईप वन. तिने हिच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ शेजारी येऊन बसली. "कितवा दिवस?" असं विचारलं. बाळंतिणीला विचारतात तसं. मग पिशवीतून २५ पट्ट्यांची सीलबंद डबी काढून हिच्या हातात दिली. "पहिल्या महिन्यात लागतात खूप. नंतर द्या कोणालातरी."

मी म्हटलं, "नको ताई, आम्ही घेऊ विकत."

आता लिहितानाही लाज वाटते. एक पट्टी तेव्हा वीस रुपयांच्या घरात, दिवसाला पाच-सहा लागायच्या, आणि मी अंबडच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर. पण आमच्या घरात शेजाऱ्याकडून वाटीभर साखरही उसनी आणायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. हिने डबी घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी अक्कल ठिकाणावर आली ती तीन आठवड्यांनी, आणि ती आणली सिडकोच्या आजींनी.

झालं असं की लेकीची साखर उतरेचना. जेवणाआधी ३००, झोपताना ३४०. डोस डॉक्टरांनी सांगितला तोच, वेळ तीच. हिचा माझ्यावर संशय की मी गुपचूप बिस्किटं देतो, माझा तिच्या आईवर. त्या रविवारी ओझरच्या ताईंनी आग्रहाने इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बोलावलं. सात-आठ घरं जमायची तिथे. मुलं पळायची, आया बोलायच्या, बाप लोक मोबाईल बघत लांब उभे राहायचे. मीही त्यांच्यात. नाश्त्याआधी सगळी मुलं ओळीने बसली आणि आपापलं इंजेक्शन घेऊ लागली. माझ्या लेकीने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला पोटाची चिमटी धरताना पाहिलं. डोळे एवढे मोठे झाले होते तिचे.

हिने सिरिंज काढली. आजी आपल्या नातवाची बाटली दोन तळव्यांत घोळवत होत्या. दुधी रंगाचं इन्सुलिन असंच घोळवायचं असतं, खळाखळा हलवायचं नसतं. घोळवता घोळवता त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं.

"लाल टोपी कुठंय?"

आम्हाला कळेना.

"अगं, सुईची टोपी. ही केशरी कशी?"

आजींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना सुनेने एवढंच शिकवलेलं की आपल्या बाटलीला लाल टोपीचीच सिरिंज. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, त्याला लाल टोपी. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. मेडिकलवाल्याकडे लाल संपल्या होत्या, त्याने केशरी दिल्या, मी आणल्या. दहाच्या रेघेपर्यंत भरत होतो आणि पोरीच्या अंगात जात होते चार युनिट.

मी व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर पोट भरणारा माणूस. जॉबवर, म्हणजे मशीनवरच्या नगावर, मिलिमीटरच्या दोन शतांशाचा फरक आला तरी मशीन थांबवतो. आणि घरात वीस दिवस चुकीच्या गेजने माप घेत होतो. उलटं झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर दहाच्या जागी २५ युनिट गेले असते. तो हिशेब मी त्या दिवशी ट्रॅकच्या कठड्यावर बसून केला आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोललो नाही. आजींनी मला कपभर चहा आणून दिला, बिनसाखरेचा. माझी साखर चांगली आहे हे सांगायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी लांब उभं राहणं सोडलं.

या मंडळींना काही नाव नाही. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. कोणी तरी एकदा म्हणालं, संस्था करू या, तर अध्यक्ष कोण यावरूनच दोन रविवार गेले आणि विषय बारगळला, ते बरंच झालं. माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची. एक बँकेतल्या मॅडम. पंचवटीत पूजेचं साहित्य विकणारं जोडपं. सातपूरचा एक वेल्डर. आणि पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार, ज्यांना सगळे नुसते भाऊ म्हणतात. भाऊंच्या एका खिशात पोराचं ग्लुकोमीटर आणि दुसऱ्या खिशात बागेचं रिफ्रॅक्टोमीटर. माल तोडणीला आला की मण्याचा थेंब काचेवर घेऊन ब्रिक्स बघायचा, साखर भरली का म्हणून. ते म्हणायचे, "बागेत साखर चढत नाही म्हणून झोप नाही, घरात उतरत नाही म्हणून झोप नाही."

मडक्याची युक्तीही भाऊंचीच. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे माफक हवेत, आपल्या एप्रिल-मेच्या चाळिशीत नव्हे. शेतावर दिवसा लाईट नाही, फ्रिज असून नसल्यासारखा. तर एका मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळूवर दोन वेळा पाणी, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. मी थर्मामीटर टाकून बघितलं. बाहेर ३९ होतं तेव्हा आत २७. फ्रिजची बरोबरी नाहीच, पण वापरातली बाटली तगते. आणि फ्रिज आहे त्यांनीही बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही. एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं. दिसायला ठीक दिसतं, तीच तर फसवणूक.

स्वयंपाकघरातलं शास्त्र बायकांच्या ताब्यात. बँकेतल्या मॅडमनी सगळ्यांना वजनकाटे घ्यायला लावले. तीस ग्रॅम कणकेत वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे साखर चढवणारा भाग, म्हणून गोळा काट्यावर ठेवून पोळी लाटायची. आमच्याकडे पहिले दोन महिने पोळपाटाशेजारी काटा होता. आता हिचा हातच काटा झालाय, मी अधूनमधून तपासतो, एक-दोन ग्रॅमच्या पलीकडे चुकत नाही. मिसळीचं मात्र अजून कोणालाच गणित सुटलेलं नाही. तर्री, शेव, पाव, वर दही. प्रत्येक घराचा आकडा वेगळा.

आणि ओझरच्या ताईंचा हात. त्या कोणाचंही पोर जवळ घेतलं की आधी दंड आणि मांड्या चाचपून बघतात. बघणाऱ्याला वाटावं माया करतायत. माझ्या लेकीचा डावा दंड दाबून मला म्हणाल्या, "दादा, इथे बोट लावा." चामडीखाली मऊसर गाठ होती. एकाच जागी रोज टोचलं की ती जागा बधिर होते, मुलांना दुखत नाही म्हणून ती तोच हात पुढे करतात, आणि गाठीतून इन्सुलिन कधी मुरतं, कधी मुरत नाही. म्हणून आज ३०० तर उद्या ६०. मी घरी जाऊन पोट, मांड्या, दंड यांचं ड्रॉइंग काढलं, चौकोन पाडले, आकडे घातले, फ्रिजवर लावलं. ताईंनी आणखी एक बजावलं होतं, की जागा बदलली की तोच डोस जास्त लागू पडतो, तर आधी डॉक्टरांना फोन करा. केला. त्यांनी डोस कमी केला.

डोसच्या बाबतीत आमच्यात एकच कडक नियम आहे. डोस आपण सांगायचा नाही. तो आला एका वाईट प्रसंगातून. एका घराला कोणीतरी जडीबुटीवाला भेटला. चाळीस दिवसांत इन्सुलिन सुटेल म्हणाला. त्यांनी सुई बंद केली. मुलगी चौथ्या दिवशी आयसीयूत. वाचली. तिची आई त्यानंतर ट्रॅकवर येईना, लाजेने. सिडकोच्या आजी तिच्या घरी जाऊन बसल्या, तीन दुपारी. काय बोलल्या माहीत नाही, बहुतेक शेंगा सोलत बसल्या असतील. चौथ्या रविवारी ती आली. तेव्हा ठरलं, की औषध-डोस यावर कोणी शहाणपण करायचं नाही, आपलं काम डॉक्टरांपर्यंत पोचवायचं आणि पोचेपर्यंत सोबत थांबायचं.

माझा वाटा म्हणजे वही. कोणाकडे किती पट्ट्या, किती बाटल्या, कोणी कोणाला दिल्या, हे सगळं आयांच्या डोक्यात असायचं. एकदा दोन सीलबंद बाटल्या मुदत संपून वाया गेल्या आणि माझ्यातला कारखाना जागा झाला. दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. बॅच नंबर, मुदत, कोणाकडे, कधी. ज्याची मुदत आधी, ती आधी वापरायची. नियम दोनच, फक्त सीलबंद माल, आणि वापरलेलं इन्सुलिनचं पेन किंवा सुई कोणी कोणाला द्यायची नाही. 'परत केले' असा रकानाही मी आखला होता. तो सहसा रिकामाच असतो, कारण दिलं एकाला, फेडलं दुसऱ्याने, ते तिसऱ्याला. ऑडिटला असली वही दाखवली तर नोकरी जाईल.

शाळेचं काम बँकेतल्या मॅडमनी केलं. सीबीएसईने २०१७ साली टाईप वनच्या मुलांना परीक्षेच्या वर्गात साखरेच्या गोळ्या, फळ, पाण्याची बाटली न्यायला परवानगी दिली, त्याचा कागद त्यांनी छापून ठेवलाय. आमच्या लेकीची शाळा त्या बोर्डाची नाही. तरी कागद पाहिल्यावर मुख्याध्यापिकाबाईंचा सूर बदलला. छापील कागदाला आपल्याकडे मान आहे.

मग २०२० चा मार्च. लॉकडाऊन लागून आठवडा झाला असेल. लेकीची शेवटची बाटली माझ्या हातून फरशीवर पडली. माझ्याच. इन्सुलिनला एक वास असतो, डेटॉलच्या जवळपासचा, तो सगळ्या स्वयंपाकघरात भरला. पाच मेडिकल पालथी घातली, हवी ती बाटली कुठेच नाही, दोन दिवसांनी येईल म्हणाले. जेमतेम दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. मी वही उघडली. वहीत होतं, 'भाऊ, २ नग, मुदत ऑक्टोबर.' मी फोन हातात घेऊन बसून राहिलो. वडिलांचा दंडक कुठून तरी वर आला. शेवटी हिने फोन ओढून घेतला आणि लावला.

पहाटे पाचला पंचवटीच्या मार्केट यार्डाबाहेर भाजीच्या टेम्पोतून बाटली आली. स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, वर कोथिंबिरीची जुडी. ड्रायव्हर म्हणाला, भाऊंनी सांगितलंय, बर्फ लावू नको. येताना नाक्यावर पोलिसाने डबा उघडायला लावला. बघितलं, बंद केलं, "जा लवकर" म्हणाला.

रात्री कोणाला अडचण आली तर फोन उचलायचं काम त्यानंतर माझ्याकडे आलं. मीच मागून घेतलं. महिन्यातले दहा दिवस माझी तिसरी पाळी असते, अकरा ते सात, जागाच असतो. सुपरवायझरने फोन त्यांच्या टेबलावर ठेवायची परवानगी दिली, रिंग चालू ठेवून.

गेल्या हिवाळ्यात पहाटे पावणेतीनला वाजला. लासलगावकडची एक आई, मुलाचं निदान होऊन नऊ दिवस झालेले. नवरा कांद्याची गाडी घेऊन परराज्यात. मुलगा घामाने भिजलाय, हातपाय थरथरतायत, मीटरवर ४८.

"शुद्धीवर आहे? गिळतोय?"

"हो. रडतोय."

"रडतोय ना, मग चांगलं आहे. तीन चमचे साखर पाण्यात. पेढा नको, चॉकलेट नको, तुपा-दुधाचं उशिरा लागतं. नुसती साखर. पाजा, मी फोन धरून आहे."

शुद्ध हरपलेली असती तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ लावा, हे सांगायची तयारी ठेवली होती. वेळ आली नाही. पंधरा मिनिटं थांबायचं, मग परत मोजायचं. पंधरा मिनिटं फार मोठी असतात. आमचा एक जॉब चार मिनिटं वीस सेकंदांचा, तेव्हा मी तिला सांगितलं, साडेतीन जॉब झाले की मोजू. ती म्हणाली, कसला जॉब? मी शाफ्ट, बेअरिंग, काय काय सांगत बसलो. तिला त्यातलं काही समजलं नसेल. मागे सासूबाई देवाचं काहीतरी पुटपुटत होत्या.

६१. ७० च्या वर नाही. पुन्हा तीन चमचे, पुन्हा साडेतीन जॉब. या वेळी ती तिच्या माहेरच्या म्हशीबद्दल बोलली.

९४. मग अर्धी भाकरी आणि दूध. सकाळी डॉक्टरांना फोन करा, डोस तेच बघतील, असं दोनदा सांगितलं. ठेवताना ती म्हणाली, "दादा, पट्ट्या दोन जास्तीच्या गेल्या. वहीत लिहून घ्या."

मशीनजवळ आलो तर इनसर्ट, म्हणजे कापायचं पातं, झिजलेला आणि तीन जॉब साईजच्या बाहेर. सुपरवायझरने रिजेक्शनचा कागद पुढे केला. "कारण काय लिहू?" मी म्हटलं, टूल वेअर. खोटं नव्हतं ते.

आठवड्याने तिच्या नवऱ्याचा फोन आला. आभार वगैरे काही नाही, थेट कामाचं. "दादा, मी रात्रीचा गाडीवर जागाच असतो. एखादा दिवस फोन माझ्याकडे फिरवला तर?"

मी म्हटलं, "गाडी चालवताना उचलायचा नाही."

"बाजूला लावीन ना."

"तीन चमचे, पंधरा मिनिटं, पाठ आहे?"

त्याने सगळं म्हणून दाखवलं, १०८ पर्यंत. लाल टोपीचंही विचारलं, तेही आलं. मग वही काढली. त्याला मंगळवार दिला.